कुळ रक्ताचे की ऋणाचे?

सोयरीक जुळवताना काय विचारायचे, याची एक प्रश्नावली आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घडत आली आहे. कुळ कोणते, देवक कोणते, कुलदैवत तुळजापूरचे की माहूरचे की कोल्हापूरचे, मामाकडचे घराणे कोणते, पत्रिका काय म्हणते. देवक एकच निघाले तर बोलणी तिथेच थांबतात. बाकी सारे जमले तर लग्नानंतर घरी गोंधळ घालून नवे जोडपे आईच्या दर्शनाला तुळजापूरची वाट धरते. या प्रश्नावलीत आता एका नव्या कागदाची भर पडते आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. सतरा राज्यांतल्या, मुख्यतः आदिवासी भागांतल्या, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासायचे आणि २०४७ पर्यंत हा आजार हद्दपार करायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्या माणसाला एक कार्ड मिळते. तो निरोगी आहे, वाहक आहे की रुग्ण आहे, हे त्यावर नोंदलेले असते. पत्रिका जुळो न जुळो, लग्नाआधी दोघांची कार्डे मात्र जुळवून पाहा, असा प्रचारही सोबत होतो. महाराष्ट्रात याचा भार गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या पट्ट्यावर आहे; तुळजापूर ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, त्यावर तो तितका नाही. तरीही हा प्रश्न तुळजापूरच्या पायरीवर ठेवून पाहावा असे मला वाटते, कारण कुळ म्हणजे काय, याचे उत्तर शोधायला अर्धा महाराष्ट्र याच पायरीवर येतो.

आधी विज्ञानाचे देणे मान्य करू. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आजार आहे आणि त्याच्या मुळाशी जनुकातल्या एका अक्षराचा बदल आहे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो बदल आला तर माणूस वाहक होतो आणि बहुधा आयुष्यभर धडधाकट राहतो. दोघांकडून आला तर आजार होतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाचे लग्न असा बदल नसलेल्या व्यक्तीशी झाले, तर त्यांच्या मुलाला हा आजार होत नाही. इतके स्वच्छ आणि इतक्या कमी खर्चात मिळणारे उत्तर वैद्यकात फार थोड्या प्रश्नांना मिळते. ज्याला ते हवे आहे त्याच्यापासून ते दडवून ठेवणे हा अन्याय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप पुढच्या पावलाला आहे. स्वतःच्या रक्ताबद्दल जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला आहे. पण ते उत्तर लग्नाची अट म्हणून मागण्याचा हक्क कुटुंबाला, जातीच्या मंडळाला किंवा सरकारला नाही. आणि तपासणीला या, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्यालाच आहे, ज्याने आजारी निघणाऱ्याची जबाबदारी आधी पत्करली आहे. हे तत्त्व बाहेरून आणण्याची गरज नाही. आपल्या कुळाच्या कल्पनेतच ते आहे, फक्त ती कल्पना नीट वाचली पाहिजे.

कारण कुळाची परीक्षा ही रक्ताची परीक्षा होती, हा समज मुळात टिकत नाही. देवक आणि कुळ बापाच्या बाजूने चालतात. जनुके तशी चालत नाहीत. ती आईकडून तितकीच येतात. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न ही चांगली सोयरीक मानली जाते. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटले, ते अशाच चालींमुळे. मामाच्या मुलीचे कुळ वेगळे, देवक वेगळे, म्हणून रीत तिला हरकत घेत नाही. पण आते-मामे भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. उलट दूरच्या जिल्ह्यातले, सात पिढ्यांत संबंध न आलेले एकाच देवकाचे स्थळ नाकारले जाते, जिथे जनुकीय धोका जवळपास नसतो. रक्त शुद्ध ठेवण्यासाठी पूर्वजांनी हे नियम केले, असे अभिमानाने सांगणाऱ्यांना हे नियम कशापासून वाचवतात हे तपासून पाहण्याची गरज वाटलेली नाही. आणि इथे भीतीही वाढवायला नको. सर्वसाधारण जोडप्याच्या शंभर मुलांपैकी दोन-तीन जन्मतः काही गंभीर व्यंग घेऊन येतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात साधारण आणखी दोन-तीनांची भर पडते. ही भर खरी आहे, पण नव्वदाहून अधिक मुले निरोगीच जन्मतात.

मग कुळ मोजते तरी काय? तुळजाभवानीकडे पाहिले की उत्तर दिसते. ती भोसल्यांची कुलस्वामिनी आहे, तशीच कितीतरी मराठा, धनगर, ब्राह्मण, दलित आणि बलुतेदार घराण्यांचीही आहे. त्यांचे रक्त एक नाही, पंगत एक नव्हती, सोयरीक तर आजही होत नाही. तरी आई एक. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला जी पालखी लागते, ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या तेली घराण्याकडून येते. गोंधळी, आराधी, पुजारी, प्रत्येकाचे काम ठरलेले आणि प्रत्येकाचा मान ठरलेला. हे सारे बांधले गेले आहे ते कर्तव्याने. कुलाचार म्हणजे आपल्यावर काय देणे आहे, याची यादी. या अर्थाने कुळ हे ऋणाचे नाव आहे, आणि ऋण असलेल्या माणसाला आधी आपली बाजू पुरी करावी लागते, मग समोरच्याची झडती घेता येते. त्यातही झडती घेण्याचा भाग देवाने सांगितलेला नाही, तो माणसांनी जोडलेला आहे.

तपासणीचे कार्ड ऋणाशिवाय वाटले तर काय होते, याचा अनुभव जगाने घेऊन झाला आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनॉस या गावात साठ-सत्तरच्या दशकांत सिकलसेलसाठी सगळ्यांची तपासणी झाली आणि वाहकांना सावध केले गेले. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तर वाहक-वाहकांची लग्ने नुसत्या योगायोगाने झाली असती तितकीच झाली होती. वाहक म्हणून ओळखले जाणे हा डाग ठरला. लोकांनी तो लपवला. आजार टळला नाही, लाज मात्र गावात वस्तीला आली. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर ही तपासणी कायद्याने लादली. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हेही कायदे करणाऱ्यांना नीट उमगले नव्हते. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले, तिथल्या वायुदलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. तपासणी ऐच्छिक असावी, ही भूमिका १९७२ च्या केंद्रीय कायद्याने घेतली, पण तोवर अविश्वास रुजला होता. याच्या उलट सायप्रसचे उदाहरण दिले जाते आणि ते द्यायलाच हवे. तिथे सातांत एक माणूस थॅलेसेमिया या रक्ताच्या अशाच आनुवंशिक आजाराचा वाहक. चर्चमध्ये लग्न लावायचे तर तपासणीचा दाखला आणा, असे तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने ऐंशीच्या दशकात ठरवले आणि आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. सक्तीचे समर्थक इथपर्यंतच सांगतात. त्या दाखल्यावर निकाल नसतो, ही गोष्ट ते सांगत नाहीत. दोघांनी तपासणी केली आणि त्यांना सल्ला मिळाला, एवढेच त्यावर लिहिलेले असते. निकाल त्या दोघांचा राहतो, धर्मगुरू लग्न नाकारत नाही, आणि बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्न मोडलेही नाही. शिवाय ही तपासणी आली त्याआधी तिथे रुग्णांसाठी रक्त आणि औषधे पुरवण्याची व्यवस्था उभी होती. न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली रब्बी योसेफ एकश्टाइन यांनी सुरू केलेल्या 'दोर येशोरीम' या ज्यू समाजातल्या संस्थेची रीत आणखी वेगळी. तरुणांचे रक्त तपासून त्यांना फक्त एक क्रमांक देतात. स्थळ आले की दोन क्रमांक कळवायचे आणि जोडी चालेल की नाही एवढेच उत्तर मिळते. कुणाला आपण वाहक आहोत हेही कळत नाही. या संस्थेची माया खरी आहे, पण तिच्या रीतीत वाहक असणे लपवण्यासारखे आहे, हे गृहीतच धरले जाते. सायप्रसचा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आपल्या राज्याला तर परदेशात जाऊन शिकण्याचीही गरज नाही. गर्भजल परीक्षा भारतात १९७५ च्या सुमारास आली ती गर्भातले जनुकीय दोष शोधण्यासाठी. काही वर्षांतच ती मुलगी शोधण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी लढा दिला, म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ झाली, आणि धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ती ८०७ वर घसरली. तंत्र कशासाठी आणले यापेक्षा ज्या घरात ते पोचते त्या घराला काय हवे आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो, हे या आकड्यांनी सिद्ध केले आहे. ज्या समाजात मूल न होणे हा बाईचाच दोष मानतात, तिथे 'वाहक' हा शिक्का कुणाच्या कपाळी बसेल? आजारी मूल होण्यासाठी तो बदल आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. हे एक वाक्य प्रत्येक कार्डावर मोठ्या अक्षरांत छापायला हवे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आजारी मुलाच्या बाजूने येतो. सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात हाडे पिळवटून निघतात, लहान वयात जंतुसंसर्ग जिवावर बेततो. हे टाळता येत असताना हक्कांची भाषा बोलणे ही निष्ठुरता नाही का? या प्रश्नाला मी हलक्याने घेत नाही. पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एखाद्या मुलाचा आजार टाळणे वेगळे आणि आजारी मूल टाळणे वेगळे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची कमतरता पहिल्या काही दिवसांत ओळखली, की रोजच्या एका गोळीने त्याची बुद्धी वाचते. तिथे तपासणी आणि उपचार एकाच बाळाला मिळतात. अशा तपासणीविरुद्ध माझा एक शब्द नाही, ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. सिकलसेललाही हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे, बालपणी पेनिसिलिन आणि लसी आहेत. त्यांनी झटके कमी होतात, आयुष्य वाढते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली तपासणीचे निकष मांडले, त्यांतही ज्याचा शोध घ्यायचा त्यावर मान्य उपचार आणि उपचाराची सोय असली पाहिजे, ही अट आहे. म्हणून 'निर्मूलन' या शब्दामागे काय मोजले जाणार, हे विचारणे भाग आहे. वाटलेली कार्डे आणि न जन्मलेली मुले मोजणार, की वेदनेशिवाय काढलेली वर्षे? आपल्या संसदेने २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश केला आहे. ज्याला कायदा हक्कदार नागरिक म्हणतो, त्याच्यासारखा दुसरा जन्मू नये हेच सरकारी यशाचे माप ठरले, तर आज हयात असलेल्या त्या नागरिकाने काय समजायचे? गर्भात दोष आढळल्यावर काय करायचे, हा निर्णय त्या जोडप्याचा, आणि त्यातही आधी त्या बाईचा आहे. कायदा तिला ती मुभा देतो आणि मीही देतो. पण त्या निर्णयाला गावातल्या टोमण्यांचा, औषध न मिळण्याचा आणि सासरच्या धाकाचा रेटा नसावा, एवढी खात्री तिला कुणीतरी द्यायला हवी.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर जे लिहून जाते ते वाचू नये, पुसू तर नयेच. आजारी मूल हे मागच्या जन्माचे देणे आहे, ते निमूट फेडावे. या समजुतीत एक सांत्वन आहे आणि एक क्रौर्यही. सांत्वन असे की जे हातात नव्हते त्याचा दोष आईने स्वतःला लावू नये. क्रौर्य असे की प्रत्यक्षात दोष तिलाच लावला जातो, फक्त तो मागच्या जन्मात नेऊन. तुळजापूरची स्थळकथा मात्र निमूटपणाची नाही. कर्दम ऋषींच्या मागे एकटी उरलेली, लहान मुलाची आई असलेली अनुभूती संकटात हाक मारते, कुकुर दैत्य तिच्यावर चालून येतो आणि देवी धावत येते. हे तुझे प्रारब्ध आहे, असे सांगून ती बसून राहत नाही. तुझ्या कुळात काही दोष आहे का, असेही विचारत नाही. देवी रोगाच्या साथीत आपल्या आयाबाया रोगालाच देवी मानून पूजत होत्या. तरी त्यांनी पोरांचे दंड लस टोचून घ्यायला पुढे केले, आणि १९७५ नंतर भारतात तो रोग कुणाला झालेला नाही. ज्ञानाने त्यांची श्रद्धा ढळली नाही. जाणून घेण्याला आपल्या धर्माचा विरोध आहे, असे म्हणणारे आपल्या धर्माला लहान करतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. निकाल माणसाचा खासगी म्हटला, तर वाहक असलेला मुलगा तो लपवून लग्न करील. ही फसवणूक नाही का? आहे. ज्याच्याबरोबर मूल जन्माला घालायचे त्याला हे सांगणे हे कर्तव्यच आहे, आणि ते टाळणारा चुकतो. पण हे कर्तव्य दोघांमधले आहे. मुलीच्या चुलत्याने, मध्यस्थाने, वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मने ते वसूल करायचे नाही. दोन माणसांनी विश्वासाने एकमेकांना सांगितलेली गोष्ट आणि जमावाने मागितलेला पुरावा यांत फरक आहे, आणि तो फरक मराठवाड्याच्या इतिहासात एकदा फार जळजळीतपणे दिसला आहे. परंपरा सांगते की संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या भावंडांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र आणायला सांगितले गेले. त्या पोरांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते. त्यांच्या जन्मात खोट शोधली जात होती. आपण ज्यांना माउली म्हणतो त्यांच्याकडे कधीकाळी जन्माचा दाखला मागितला गेला, हे विसरून आज तोच दाखला प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी मागायचा का?

सिकलसेलचे उत्तर निदान स्वच्छ असते. संपूर्ण जनुकसंच वाचण्याच्या काळात तेही सुख राहणार नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरच्या ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जनुकसंच वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. हे काम मोलाचे आहे. आजवर जगातले बहुतेक जनुकीय ज्ञान युरोपीय वंशाच्या लोकांवर उभे होते आणि ते आपल्याला नीट लागू पडत नव्हते. पण एका माणसाचा जनुकसंच वाचला की त्यात असे अनेक बदल सापडतात, ज्यांचा अर्थ आज कुणालाच सांगता येत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार यांबद्दल तर फक्त कमी-जास्त शक्यता सांगता येते. आणि शोधू गेले तर प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या आजाराचा वाहक निघतो. निष्कलंक कुळ असे काही अस्तित्वातच नाही. ही गोष्ट आपल्याला नम्र करू शकेल, पण बाजारात ती उलटी विकली जाईल. अमुक जातीत अमुक दोष अशा याद्या निघतील, आणि जिथे जातीचा दाखला आधीच माणसाची वाट अडवतो तिथे दुसरा दाखला तयार होईल. अमेरिकेने २००८ साली नोकरी आणि आरोग्य विम्यातला जनुकीय भेदभाव रोखणारा कायदा केला. आपल्याकडे २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजाराच्या नावाखाली आरोग्य विमा नाकारणे हा भेदभाव ठरवला, पण संसदेचा स्वतंत्र कायदा अजून नाही. आधी तपासणी आणि मग केव्हातरी संरक्षण, हा क्रम चुकीचा आहे.

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणजे नव्या योजना इथे लवकर येणार. त्या कशा राबवाव्यात याचा धडा तुळजापूर तालुक्यातच आहे. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. आजाराबद्दल शेजारणीशी बोलावे कसे, काय बोलावे आणि काय गिळून टाकावे, हे शहरातल्या समुपदेशकापेक्षा अशा बाईला अधिक कळते. तिच्या हाती औषधाचा साठा आणि गुप्ततेचे कायदेशीर कवच द्या, मग तिच्या हाती कार्ड द्या. श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. याच संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सैनिकी शाळा उभारली. लग्न करून दर्शनाला येणाऱ्या जोडप्यांसाठी एक ऐच्छिक, मोफत सल्ला केंद्र चालवणे त्याला अवघड नाही. सोयरीक तेव्हा झालेली असते, ती मोडण्याची भीती उरलेली नसते, आणि मुलाबद्दलचा निर्णय अजून पुढे असतो. ज्यांना लग्नाआधी जाणून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी महाविद्यालयांत आणि आरोग्य केंद्रांत तीच सोय असावी, निकाल बंद पाकिटात त्याच व्यक्तीच्या हाती पडावा. आणि सामुदायिक विवाह सोहळे भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे: वधू-वरांच्या फॉर्मवर रक्ततपासणीचा रकाना घालणार असाल, तर त्यात दोघांना माहिती आणि सल्ला मिळाला का, एवढेच विचारा. निकालाचा रकाना छापू नका.